दळलेले पीठ आणि गिटारचा सूर

जेऊरच्या गिरणीत आम्ही पाहतो : ज्वारी-बाजरी वेगळ्या डब्यांत असेपर्यंत प्रमाण बदलता येते, एकत्र दळल्यावर नाही. ध्वनिमुद्रणाचेही तसेच.

मुंबईत जन्मलेले जॅझ गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा १९९६ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ १९६९ च्या ‘हम दोनो’चे, गिटार ठळक करून, पुनर्मिश्रण करायचे झाले तर? गिटार फितीच्या स्वतंत्र पट्ट्यावर असेल, तर तेवढीच वाढवता येईल. सर्व ध्वनिलहरींची बेरीज झालेली असेल, तर अवघड. बेरीज ८ आहे; ती ५ आणि ३ ची, की ६ आणि २ ची? संगणक आज वाद्यांच्या ओळखीच्या नमुन्यांवरून त्यांचे आवाज वेगळे करतो. पण तो अंदाजच.

गेलेला वादक पुन्हा वाजवत नाही. म्हणून शाळेतल्या गाण्याचे मुद्रण करताना गळा आणि पेटी वेगवेगळी मुद्रित करून जपू या.