विश्लेषण : थायलंडमध्ये ‘सोंगक्रान’ खेळायला जाताय? पाणी कुणावर उडवायचे, कुणावर नाही?

एप्रिलच्या मध्यात बँकॉकच्या खाओसान रोडवर किंवा सिलोमला उतरलेला माणूस कोरडा परत येत नाही. आपल्या रंगपंचमीची आठवण व्हावी असा हा प्रकार; फक्त रंग नाही, पाणीच. पर्यटकांना यात हात धरून ओढले जाते. पण पिचकारी उचलण्याआधी हा खेळ समजून घेतलेला बरा.

नाव ओळखीचे का वाटते?

‘सोंगक्रान’ हा संस्कृत ‘संक्रान्ति’चाच थाई उच्चार. आपली तिळगुळाची संक्रांत मकरेची, ही मेषेची. सूर्य मेष राशीत जातो तेव्हाचे हे पारंपरिक नववर्ष. आता तारखा १३ ते १५ एप्रिल अशा ठरलेल्या आहेत. १९४१ पासून सरकारी नववर्ष १ जानेवारीला सुरू होते, तरी लोकांचे खरे नववर्ष हेच. युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. म्यानमार, लाओस, कंबोडियात आणि आपल्याकडे अरुणाचलच्या खामती समाजातही याच सुमारास पाण्याचा सण असतो.

पाणी कशासाठी?

रील्समध्ये दिसतात त्या पाण्याच्या बंदुका. घरात मात्र सण हळुवार असतो. सकाळी विहारात जाऊन बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालतात. मग आजी-आजोबांच्या तळहातांवर मोगऱ्याच्या फुलांचे पाणी ओतून आशीर्वाद घेतात. जुन्या वर्षाचे नको ते धुऊन टाकायचे, ही कल्पना. थायलंडमध्ये १३ एप्रिल हा ज्येष्ठांचा दिवस आणि १४ एप्रिल कुटुंबाचा दिवस मानला जातो, तो उगाच नव्हे. रस्त्यावरची धमाल त्याच पाण्याची पुढची पायरी, आणि एप्रिलचा उकाडा पाहता गरजही!

कुणाला भिजवू नये?

भिक्खू, वृद्ध, तान्ही मुले आणि दुचाकीवरचा माणूस. पहिल्या तिघांबाबत प्रश्न आदराचा आणि काळजीचा आहे. चौथ्याबाबत थेट जिवाचा, कारण तोंडावर अचानक आलेल्या पाण्याने तोल जातो. चेहऱ्यावर नेम धरणे, बर्फाचे पाणी, जोरदार दाबाच्या बंदुका हेही टाळावे. अनेक ठिकाणी अशा बंदुकांवर बंदी असते. गालाला पांढरी माती लावण्याची रीत आहे, पण ती समोरच्याला विचारूनच. गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणे हा तिथेही गुन्हाच आहे. ‘सण आहे, चालते’ ही सबब आपल्याकडच्या होळीतही पटत नाही, तिथे का पटावी?

खरा धोका कुठे?

पाण्यात नाही, रस्त्यावर. सोंगक्रानच्या सुट्टीतल्या आठवड्याला थायलंडमध्ये ‘धोक्याचे सात दिवस’ म्हणतात आणि सरकार रोजच्या अपघातांची आकडेवारी जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत या सात दिवसांत देशभरात २०० हून अधिक बळी गेले आहेत. अतिवेग आणि मद्यपान ही मोठी कारणे, आणि अपघातांत सर्वाधिक वाहने दुचाकी.

भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचावे. भारतातले नुसते लायसन्स तिथे पुरत नाही. दुचाकी चालवण्याची मुभा असलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो आणि तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढावा लागतो. दुकानदार न विचारता चावी देईल. पण परवाना नसताना किंवा दारू पिऊन अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. परदेशी रुग्णालयाचे बिल मग खिशातून भरावे लागते. त्या तीन दिवसांत पायी किंवा मेट्रोने फिरणेच शहाणपणाचे. मेट्रोत शिरताना बंदुकीतले पाणी मात्र ओतून टाका.

सोबत काय न्यावे?

मोबाइलसाठी गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी रस्त्यावर सहज मिळते. पासपोर्ट हॉटेलातच ठेवावा. कपडे लवकर वाळणारे आणि गडद रंगाचे असावेत. बँकॉकच्या गर्दीचा कंटाळा असेल तर चिआंग माई गाठावे. तिथे जुन्या शहराभोवतीच्या खंदकातले पाणी बादल्यांनी उपसून लोक खेळतात. आणि कुणी भिजवलेच तर चिडण्याऐवजी हसून ‘सवादी पी माय’ म्हणावे, म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छा. त्यातला ‘सवादी’ही आपल्या ‘स्वस्ति’वरूनच आलेला आहे.