गोळी दोघांनी घ्यायची असते

सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बरेचसे नमुने थोडा वेळ थांबू शकतात. लघवीची बाटली फ्रीजमध्ये ठेवता येते, थुंकीची स्लाइड रंगवून सावकाश पाहता येते. स्त्रीरोग विभागातून योनिस्रावाचा स्वॅब आला, की मात्र आम्ही तंत्रज्ञ हातातलं काम बाजूला ठेवतो. त्यात ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी असेल, तर त्याची ओळख पटते ती हालचालीवरून. उशीर झाला किंवा नमुना गार पडला, की तो मंदावतो आणि समोर असूनही दिसत नाही.

स्वॅब सलाइनमध्ये घोळवायचा, एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली करून उजेड कमी करायचा. चाळीसच्या लेन्सखाली आधी दिसतात त्या मोठ्या, चपट्या पेशी आणि त्यांच्या मध्ये विखुरलेल्या गोल पू-पेशी. सगळं स्थिर असतं. मग त्यांतलीच एक ‘पू-पेशी’ थरथरते, झटका देऊन वळते, शेजारच्या पेशीला धक्का देते. नीट निरखलं की लांबट, थेंबासारखा आकार कळतो. पुढच्या टोकाला चार चाबूकशेपट्या सपासप हलत असतात आणि कडेने एक पातळ पडदा लहरत असतो. पॅरिसमध्ये आल्फ्रेड दोने यांनी १८३६ साली हा जीव पहिल्यांदा नोंदवला. आजही आम्ही तो जवळपास तसाच शोधतो.

दिसला तर निदान पक्कं. दिसला नाही, म्हणून संसर्ग नाहीच असं मात्र म्हणता येत नाही, कारण ओल्या स्लाइडवर बरेच रुग्ण निसटतात. जनुकीय चाचणी जास्त अचूक आहे, पण ती सगळीकडे होत नाही. म्हणून सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरूनही उपचार देतात. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीसाठी हिरवं पाकीट ठरलेलं आहे. त्यात ट्रायकोमोनाससाठी २ ग्रॅम सेक्निडाझोल असतं आणि बुरशीसाठी १५० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल. जगात इतरत्र मेट्रोनिडाझोल जास्त चालतं. बाईला ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस; पुरुषाला २ ग्रॅम एकदाच. हे औषध परजीवीच्या पेशीत शिरल्यावरच जागं होतं आणि त्याचा डीएनए तोडतं. बहुतेक रुग्ण यात बरे होतात. मात्र जुलाबासाठी आणलेल्या याच गोळ्या घरात उरलेल्या असतात, त्यांतल्या दोन-तीन घेऊन थांबू नये. अर्धवट औषधाने संसर्ग जात नाही.

पुढचा भाग मी समुपदेशकाच्या खोलीत पाहते. “ताई, तुमच्या मालकांनाही गोळी घ्यावी लागेल,” असं ऐकलं, की समोरची बाई गप्प होते. “त्यांना काहीच होत नाही, मॅडम,” ती म्हणते. ते खरंही असतं. बहुतेक पुरुषांना आणि कितीतरी बायकांनाही लक्षणंच नसतात. जीव मूत्रमार्गात तसाच राहतो, आणि बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते. समुपदेशक एक गोष्ट आवर्जून सांगतात: हा संसर्ग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहू शकतो. तो कधी आणि कुणाकडून आला, हे स्लाइडवरून कळत नाही. एखाद्या रिपोर्टवरून घरात संशय पेटू नये, म्हणून हे सांगणं औषधाइतकंच गरजेचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयोगटात ट्रायकोमोनासचे सुमारे १५ कोटी ६० लाख नवे संसर्ग झाले. उपचार राहिला तर एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो. गरोदरपणी हा संसर्ग असलेल्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची प्रसूती जास्त आढळते. तरीही ‘पांढरं जाणं बाईच्या नशिबालाच’ असं म्हणून तो अंगावर काढला जातो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची.

म्हणून सांगणं एवढंच. पिवळसर-हिरवट, फेसाळ किंवा वास येणारा स्राव, खाज, लघवीला आग होत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. मेडिकलमधून स्वतःहून गोळी आणू नका. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळ्या दोघांनीही घ्या, त्यानंतर आठवडाभर आणि त्रास पूर्ण थांबेपर्यंत संबंध टाळा. बाईने तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावं. आणि नवऱ्यांनो, बायकोला एकटीला पाठवू नका, सोबत या. तुम्ही गोळी घेतली नाहीत, तर तिचा उपचार अर्धाच होतो.