यंत्रनिर्मित चित्रांची विक्री आणि ‘बौद्धिक संपदे’चा शेरा

जाहिराती, नियतकालिके व पाठ्यपुस्तके यांना लागणारे प्रत्येक चित्र चित्रकाराकडून नव्याने काढून घेतले जाते असे नव्हे. तयार चित्रांचा संग्रह करून शुल्क घेऊन त्यांच्या वापराचा परवाना देणाऱ्या संस्था कित्येक वर्षे अस्तित्वात आहेत. अशा चित्रांस व्यवहारात ‘स्टॉक’ चित्रे म्हणतात. शब्दांत सूचना दिली असता चित्र सिद्ध करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ मध्ये सामान्य माणसाच्या हाती आली आणि या संग्रहांकडे यंत्रनिर्मित चित्रांचा ओघ सुरू झाला. गेटी इमेजेसने त्याच वर्षी सप्टेंबरात अशा चित्रांस मज्जाव केला. अडोबी स्टॉकने डिसेंबरात ती अटींवर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. परंतु जेथे दार उघडे आहे तेथूनही कित्येक चित्रे ‘बौद्धिक संपदा’ एवढ्याच त्रोटक शेऱ्यानिशी परत येतात. ‘मी कोणाचेही चित्र उतरवून घेतलेले नाही, मग हा दोष कसला?’ असा प्रश्न पाठविणाऱ्यास पडतो. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, असा अस्वीकार म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. संग्रहसंस्था ग्राहकाला केवळ चित्र देत नाही. त्या चित्राच्या वापरावरून तंटा उद्भवल्यास ठराविक मर्यादेत भरपाई करण्याची हमीही देते. हीच हमी ती चित्र पाठविणाऱ्याकडून करारान्वये घेते. साहजिकच उल्लंघन सिद्ध होण्याची वाट ती पाहत नाही. शंका तिला पुरेशी असते.

ही शंका मुख्यतः तीन कारणांनी उत्पन्न होते. पहिले कारण चित्रातच असते. प्रसिद्ध पात्र, व्यापारचिन्ह किंवा संरक्षित रचना चित्रात उतरलेली असते. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या वास्तुरचनेवरील हक्क केव्हाच संपला आहे. परंतु त्याच्या रात्रीच्या रोषणाईवर स्वतंत्र हक्क सांगितला जातो. म्हणून दिवसाचे चित्र निर्वेध, तर रात्रीचे संशयास्पद ठरू शकते. शिवाय यंत्र न मागितलेल्या गोष्टीही चित्रात घालते. गेटी इमेजेस विरुद्ध स्टॅबिलिटी एआय या खटल्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल दिला. यंत्राने काढलेल्या काही चित्रांत वादीची जलचिन्हे उमटली होती, आणि तेवढ्यापुरते व्यापारचिन्हाचे उल्लंघन न्यायालयाने मर्यादित स्वरूपात मान्य केले.

दुसरे कारण शब्दांत असते. शीर्षकात, शोधशब्दांत अथवा यंत्राला दिलेल्या सूचनेत एखाद्या कलावंताचे किंवा काल्पनिक पात्राचे नाव योजल्यास अडोबी स्टॉकच्या नियमांचा भंग होतो. शैलीवर कोणाचा प्रताधिकार नसतो हे खरे. परंतु संस्थेचा नियम कायद्याहून कडक असू शकतो.

तिसरे कारण म्हणजे अस्तित्वात असलेल्या चित्राशी साम्य. तत्त्वदृष्ट्या हेच सर्वांत महत्त्वाचे होय. प्रताधिकाराच्या कायद्यात केवळ साम्य हा दोष नाही. दोन चित्रकारांनी परस्परांस न पाहता सारखेच चित्र काढले तर दोघेही निर्दोष असतात. मूळ कृती प्रतिवादीच्या पाहण्यात आली होती काय, हा प्रश्न त्यामुळे निर्णायक ठरतो. येथे मात्र चित्र मागणाऱ्याने मूळ कृती पाहिलेली नसली तरी यंत्राच्या शिक्षणसामग्रीत ती असू शकते, आणि त्या सामग्रीची यादी त्याला सहसा उपलब्ध नसते. ‘मी पाहिले नाही’ हा त्याचा बचाव प्रामाणिक असूनही दुबळा ठरतो, तो या कारणाने.

आता दुसरी बाजू पाहू. दायित्व ज्याच्या शिरी, त्याच्या पदरी हक्क तरी आहे काय? अमेरिकेच्या प्रताधिकार कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेतील मजकूर व मांडणी यांना संरक्षण दिले, परंतु यंत्रनिर्मित चित्रांना नाकारले. थेलर विरुद्ध पर्लमटर या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कृतीचा कर्ता मनुष्यच असला पाहिजे असे ठरविले. आपल्याकडे १९५७ च्या अधिनियमात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारण झालेली व्यक्ती. परंतु ही तरतूद झाली तेव्हा आजची साधने नव्हती. सूचनेचे एक वाक्य लिहिणारा ‘कारण’ ठरतो काय, हा प्रश्न त्या शब्दांनी सुटत नाही. तात्पर्य, चित्र पाठविणारा ज्या वस्तूची पूर्ण हमी देतो तिच्यावर अमेरिकेत त्याचा हक्क बहुधा नसतो, आणि आपल्याकडे तो वादातीत नाही. या व्यवहारातील खरी विषमता ती हीच.

यावरून व्यावहारिक धडा एवढाच की, सूचनांचा व नंतर स्वहस्ते केलेल्या बदलांचा लेखी आढावा ठेवावा, चित्र मोठे करून कानाकोपरा तपासावा आणि परत आलेले चित्र कारण न शोधता पुन्हा पाठवू नये. ‘बौद्धिक संपदा’ या शेऱ्याचा अर्थ ‘तुम्ही चोरी केली’ असा नसून, ‘तुम्ही चोरी केली नाही हे तुम्हांस सांगता येत नाही’ असा आहे. हे सांगता यावे अशी साधने निर्माण होईपर्यंत हमीचे ओझे कोणी व किती वाहावे, हा कायद्याच्या अभ्यासकांपुढील प्रश्न आहे.