आभासी जगातील चार फूट : परस्पर अंतराच्या सामाजिक संकेतांचा विचार

बीजसंज्ञा : आभासी वास्तव, अवतार, परस्पर अंतर, सामाजिक संकेत

प्रास्ताविक

माणसे परस्परांशी बोलतात तेव्हा शब्दांबरोबर त्यांच्यामधील अंतरही बोलत असते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली ‘द हिडन डायमेन्शन’ या ग्रंथात या अंतराचे चार टप्पे मांडले : दीड फुटापर्यंत निकटचे, दीड ते चार फूट वैयक्तिक, चार ते बारा फूट सामाजिक आणि त्यापलीकडे सार्वजनिक. संगणकाने निर्माण केलेल्या जगात हाडामांसाचा देह नसतो. तेव्हा हे संकेत तेथे गळून पडावेत, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही.

अवताराचे वर्तन

आभासी जगात वावरणाऱ्या व्यक्तीच्या प्रतिमेस ‘अवतार’ म्हणण्याची प्रथा १९८६ च्या सुमारास ‘हॅबिटॅट’ या खेळापासून रूढ झाली. (आपल्याकडे देव खाली उतरतो तो अवतार, येथे मात्र सामान्य माणूसच पडद्यापलीकडे उतरतो.) २००३ मध्ये लिंडेन लॅब या कंपनीने सुरू केलेल्या ‘सेकंड लाइफ’ या जगात लक्षावधी लोकांनी असे अवतार धारण केले. निक यी, जेरेमी बेलेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली या जगाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. दोन पुरुष अवतारांमधील अंतर दोन स्त्री अवतारांमधील अंतरापेक्षा अधिक असल्याचे त्यांना आढळले. अवतार फार जवळ आले की नजर दुसरीकडे वळविली जाई. गर्दीच्या उद्‌वाहनात माणसे जसे छताकडे पाहतात, तसाच हा प्रकार. विशेष म्हणजे येथे चालणे आणि पाहणे केवळ कळफलक व माउस यांच्या साहाय्याने होत होते. हाताशी यंत्र होते, तरी रीत देहाचीच होती.

डोळ्यांवर चढविण्याच्या उपकरणामुळे हा अनुभव कैकपटींनी तीव्र होतो. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली असे उपकरण सिद्ध केले होते. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवावयाची आणि मान वळेल तसे दृश्य तत्काळ बदलावयाचे, हे त्याचे तत्त्व आजही कायम आहे. पडद्यावरचे चित्र समोर असते. येथे ते सभोवती असते. त्यामुळे अंगावर चालून येणारा अवतार पाहून मनुष्य खरोखरच मागे सरतो.

संकेताचे नियमात रूपांतर

जेथे अंतर जाणवते तेथे त्याचा भंगही जाणवतो. केवळ मजकुरावर चालणाऱ्या ‘लॅम्डामू’ या जगात १९९३ साली एका सदस्याने इतरांच्या पात्रांकडून, त्यांच्या इच्छेविरुद्ध, लैंगिक कृत्ये घडत असल्याची वर्णने सर्वांसमक्ष प्रसृत केली. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी या प्रकरणावर दीर्घ लेख लिहिला. तेथील रहिवाशांनी एकत्र जमून खल केला. अखेर त्या सदस्याचे खाते काढून टाकण्यात आले आणि पुढे मतदानाची पद्धतही आली. म्हणजे समाजाने आपला निर्बंध, अडखळत का होईना, स्वतः घडविला.

मेटा कंपनीच्या ‘होरायझन वर्ल्ड्‌स’मध्ये वेगळे घडले. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिका व कॅनडातील प्रौढांसाठी ते खुले झाले आणि अवतारांची छेडछाड होत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने प्रत्येक अवताराभोवती अदृश्य कडे घातले. दोन अवतारांत सुमारे चार फूट अंतर राहू लागले. पुढच्याच महिन्यात मित्रांपुरते हे कडे सैल झाले. ज्यांना त्रास झाला त्यांच्या दृष्टीने उपाय तातडीचा व आवश्यकच होता. परंतु चार फूट म्हणजे हॉल यांच्या मांडणीतील वैयक्तिक व सामाजिक अंतराची नेमकी सीमा होय. ही मापे मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीयांची आहेत, असे हॉल यांनी स्वतःच बजावले होते. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी चार फूट मागणाऱ्यास गाडीतून उतरावे लागेल. त्याच गाडीत अंगचटीला येणारा स्पर्श आणि निरुपायाचा स्पर्श यांतील भेद मात्र प्रत्येक स्त्री अचूक ओळखते. हा भेद फुटपट्टीने मोजता येत नाही. संकेत मोडणाऱ्यास लाज वाटते, कोणी रागावते, कोणी क्षमा करते. अदृश्य भिंतीला यांपैकी काहीच ठाऊक नसते.

दूरस्थांचे सान्निध्य

याच तंत्रज्ञानाची दुसरी बाजू नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाच्या आयुष्यात दिसते. ड्यूशेन या स्नायुक्षयाच्या विकाराने तो चाकांच्या खुर्चीला खिळला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो निवर्तला. मुलगा एकाकी गेला, असे आईवडिलांना वाटत होते. त्यांनी त्याच्या अनुदिनीवर निधनाची वार्ता देताच अपरिचितांची पत्रे येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात तो ‘इबेलिन’ नावाने वर्षानुवर्षे वावरला होता; तेथे तो धावत असे, मैत्री करीत असे, इतरांच्या घरगुती अडचणींत सल्ला देत असे. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपटही प्रदर्शित झाला. त्या जगात त्याच्यापासून चार फुटांवर उभे राहणाऱ्यांपैकी काही जण युरोपातील निरनिराळ्या देशांतून प्रवास करून त्याच्या अंत्यविधीस आले. त्यांनी त्याला त्यापूर्वी कधीही प्रत्यक्ष पाहिले नव्हते.