हॅथवे: वायर गल्लीत आली, घरात येईलच असं नाही

मुंबई-पुण्यात हॅथवे हे नाव घरात शिरलं ते केबल टीव्हीच्या वायरीतून. इंटरनेट मागाहून आलं. त्यामुळेच की काय, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या कंपनीबद्दल जो तो अधिकारवाणीने बोलतो.

‘हॅथवे म्हणजे आता जिओच.’
अर्धं खरं. राजन रहेजा समूहाची ही मुंबईची कंपनी २०१० साली शेअर बाजारात आली. ऑक्टोबर २०१८मध्ये रिलायन्सने सुमारे २,९४० कोटी रुपयांना तिचा ५१.३ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. मालक बदलला, कंपनी मात्र वेगळीच राहिली. हॅथवेचं नेट बंद पडलं तर जिओच्या कॉल सेंटरला फोन करून उपयोग नाही.

‘शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडेही मिळेल.’
सर्वात जास्त फसगत इथे होते. पिनकोड टाकून ‘सेवा उपलब्ध’ असं दिसलं, तरी त्याचा अर्थ कंपनी त्या भागात आहे, एवढाच. फायबर भागातल्या नोडपर्यंत येतं. तिथून पुढे बिल्डिंगपर्यंत वायर ओढायला सोसायटीची परवानगी लागते आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक केबलवाल्याचा हात. शेवटी गाडं अडतं ते जिन्यातल्या नाहीतर गच्चीवरच्या त्या कुलूपबंद पेटीपाशी. तिच्यात मोकळा पोर्ट असेल तरच कनेक्शन. म्हणून आधी केबलवाल्याला गाठावं, वर्षभराचे पैसे नंतर भरावेत.

‘टीव्ही लावला की नेट मंदावतं.’
केबलच्या एकाच वायरीतून दोन्ही येतात, पण वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर. रात्री नऊला वेग पडतो, कारण त्याच नोडवरचे शेजारीही तेव्हाच ऑनलाइन असतात.

‘महाराष्ट्राचा परवाना म्हणजे मुंबईतही सेवा.’
हा छोट्या इंटरनेट कंपन्यांचा प्रश्न. त्यांना लागणाऱ्या सरकारी युनिफाइड लायसन्समध्ये ‘ए’ परवाना देशभराचा, ‘बी’ एका सर्कलचा, म्हणजे दूरसंचार विभागाचा, ‘सी’ त्याहून लहान भागाचा. गंमत अशी की महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई येत नाही! मुंबईचं सर्कल स्वतंत्र आणि नवी मुंबई, कल्याण त्यात. त्यामुळे पुण्याच्या ‘बी’ परवानाधारकाला नुसत्या त्या परवान्यावर कल्याणला कनेक्शन देता येत नाही.

‘१०० एमबीपीएस घेतलं, डाउनलोड बाराचंच दिसतंय.’
बरोबर दिसतंय. प्लॅन मेगाबिट्समध्ये, फाइल मेगाबाइट्समध्ये. शंभराला आठाने भागा.