भूकंप एक, आकडे किती?

कोयनेच्या खोऱ्यात धक्का बसला की फोन खणखणू लागतात. कराडची मावशी म्हणते, "अगं, मांडणीवरची भांडी वाजली!" सांगलीचा मामा म्हणतो, "छे! मी तर झोपलेलोच होतो." बातमीत मात्र एकच आकडा. मग खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही! इंग्रजीत भूकंपासाठी दोन वेगळे शब्द आहेत, मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी. आपल्या बातम्या दोन्हींना सरसकट 'तीव्रता' म्हणून मोकळ्या होतात आणि घोटाळा होतो.

मिरवणुकीतला ढोल आठवा. ढोलवाला टिपरू किती जोरात हाणतो ते मॅग्निट्यूड. ते सगळ्यांसाठी एकच. शेजारी उभं राहिल्यावर छातीत धडधडतं आणि दोन गल्ल्या सोडून नुसती धुमधुम ऐकू येते, ती इंटेन्सिटी. ती जागोजागी बदलते.

आता खरा भूकंप घ्या. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगर गदागदा हललं, घरं कोसळली, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. मॅग्निट्यूड सुमारे ६.३. पण इंटेन्सिटी? ती मर्काली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या १२ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सांगतात. कोयनानगरला ती आठवीच्या आसपास पोहोचली होती आणि दूर जाता जाता पायऱ्या उतरत गेली. तरी धक्का थेट मुंबईपर्यंत जाणवला!

अंतराइतकीच जमीनही महत्त्वाची. एकाच अंतरावरची दोन गावं घ्या. एक कातळावर, दुसरं नदीकाठच्या मऊ गाळावर. गाळावरचं गाव जास्त हलतं.

मॅग्निट्यूडच्या आकड्यांची गंमत तर विचारूच नका. ४ आणि ५ यांत फरक एकाचा दिसतो, पण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट! ४ वरून ६ वर गेलात तर हजार पट. हा आकडा यंत्रं काढतात. कोयनेचे धक्के अभ्यासायला कराडला खास प्रयोगशाळा आहे आणि गोठणे गावात तर शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल छिद्र पाडलं आहे.

इंटेन्सिटीला मात्र तुमचे डोळे-कानही चालतात. कधी धक्का जाणवलाच, तर आधी भक्कम टेबलाखाली शिरा. सगळं शांत झालं की वहीत लिहा: टांगलेला दिवा हलला का? भांडी वाजली का? भिंतीला तडा गेला का? मग मामाला फोन करून हेच प्रश्न विचारा आणि दोघांची उत्तरं शेजारी-शेजारी मांडून बघा.