वजन, व्यायाम आणि युद्धकला

संध्याकाळीं साडेसहाच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या एखाद्या शाळेच्या सभागृहांत डोकावून पाहिलें, तर पांढऱ्या पोशाखांतील पंचवीस-तीस मुलें रांगेनें उभीं राहून एका ठेक्यांत हात पुढें फेकतांना दिसतात. भिंतीलगतच्या बांकांवर त्यांचे आईबाप बसलेले असतात. त्यांतील एखाद्या पंचेचाळिशीच्या गृहस्थास गेल्याच आठवड्यांत डॉक्टरांनीं वजन उतरविण्यास बजावलेलें असतें. रक्तदाब थोडा वर गेलेला, रक्तांतील साखर सीमेवर, आणि तिसऱ्या मजल्यावर पोंचेपर्यंत धाप लागलेली. मुलीकडे पाहतां पाहतां त्याच्या मनांत येतें कीं, रोज तेंच तें चालून कंटाळा आला. आपणही हेंच कां करूं नये? विचार वाईट नाहीं. परंतु पुढें पुष्कळदां असें घडतें कीं, जो वर्ग घराजवळ असेल त्यांत तो नांव घालतो, पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर उड्या मारतो, तिसऱ्या आठवड्यांत गुडघा धरून घरीं येतो, आणि दोन महिने पडून राहून पूर्वींपेक्षां अधिक जड होतो. ह्या गृहस्थानें कोणती कला निवडावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थोडा हिशेब केला पाहिजे. शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० उष्मांकांचा सांठा. ऐंशी किलो वजनाच्या नवशिक्या माणसानें तासभर बेताच्या गतीनें कराटे किंवा ज्यूदो केलें, तर साधारण ४०० उष्मांक खर्च होतात. त्यांतील ऐंशीएक तो घरीं खुर्चींत बसला असतां तरी खर्च झालेच असते. तेव्हां निव्वळ लाभ ३२० चा. आठवड्यांतून तीन दिवस वर्ग धरला, तर एक किलो चरबी जाण्यास आठ आठवडे लागतात, आणि तेंही जेवणांत कांहीं वाढ झाली नाहीं तर. वर्गांतला सगळा तास व्यायामाचा नसतो, हेंही ध्यानांत घ्यावें. गुरुजी समजावून सांगत असतात, शिष्य आपल्या पाळीची वाट पाहत असतात. वर्ग सुटल्यावर कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला कीं सुमारें ३०० उष्मांक परत आले. त्यावर गोड चहा घेतला म्हणजे खातें पूर्ण बरोबर.

ज्यांना हा हिशेब पटत नसेल, त्यांनीं जपानांतील सुमो मल्लांकडे पाहावें. त्यांच्याइतके कष्ट थोडे लोक घेत असतील. पहांटे उठून, उपाशीं पोटीं, ते तासन् तास झुंजतात. नंतर मांस, मासे आणि भाज्या घातलेलें मोठें पातेलें भाताबरोबर संपवितात आणि झोंपी जातात. धंदेवाईक सुमोमध्यें वजनाचे गट नसल्यामुळें जडपणा हा तेथें गुण ठरतो, व तो ते जेवणानें मिळवितात. आपल्याकडील तालमींतही खुराकाशिवाय मेहनत नाहीं: दूध, तूप, बदामाची थंडाई. उमेदीच्या वर्षांत हें सर्व अंगीं लागतें. कुस्ती सुटते आणि खुराक सुटत नाहीं, तेव्हां त्याच पहिलवानाचें पोट पुढें येऊं लागतें. वजनाचा प्रश्न मुख्यतः ताटांत सुटतो, आखाड्यांत नव्हे.

मग युद्धकला शिकावी तरी कशाला? कारण वजनकांटा सर्व सांगत नाहीं. नुसतें उपाशीं राहून वजन उतरविलें, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. व्यायामाची जोड असली म्हणजे ते बरेचसे वांचतात. नियमित व्यायामानें पोटाच्या आंतली, म्हणजे अवयवांभोंवतालची, चरबी वजन फारसें न बदलतांही घटते. म्हणून आपल्या लोकांनीं कंबरेचें माप घ्यावें हें बरें. पुरुषांस ९० सेंटिमीटर व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीं धोक्याची रेषा मानली आहे. शिवाय उतरलेलें वजन पुन्हा चढूं न देण्याच्या कामीं व्यायामाचा उपयोग विशेष होतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. ह्या दोन्ही गोष्टी युद्धकलेच्या वर्गांत एकत्र मिळतात. आणि एकट्यानें फिरावयास जाणें पावसाच्या चार थेंबांनीं चुकतें, पण समोर जोडीदार वाट पाहत असला कीं तें सहसा चुकत नाहीं.

निवड करतांना प्रौढानें पहिला प्रश्न विचारावा तो असा: ह्या कलेंत पडावयास कसें शिकवितात? हा प्रश्न मनांत आला कीं ज्यूदोचें नांव आपोआप पुढें येतें. जिगोरो कानो हे अंगानें लहानखुरे होते. विद्यार्थिदशेंत दांडग्या मुलांचा त्रास झाल्यामुळें ते जुजुत्सु शिकले, आणि १८८२ सालीं तोकियोंतील एका देवळाच्या बारा चटयांच्या जागेंत त्यांनीं आपली ‘कोदोकान’ ही शाळा काढली. जुन्या विद्येंतील जे डाव सरावांत हातपाय मोडतील, ते त्यांनीं मोकळ्या झुंजींतून काढून टाकले. पुढें ते शिक्षकांच्या महाविद्यालयाचे प्रमुख झाले. त्यामुळें असेल कदाचित्, पण त्यांच्या पद्धतींत शिक्षकाची दृष्टि जागोजाग दिसते. फेंकण्यापूर्वीं पडणें शिकावयाचें, हा त्यांतलाच क्रम. हनुवटी छातीशीं, डोकें अधांतरी, हात जमिनीवर सपाट आपटून धक्का सर्व अंगावर वांटून द्यावयाचा. म्हातारपणीं न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडलेले लोक बहुतेक प्रत्येक कुटुंबानें पाहिलेले आहेत. चाळिशींत मिळविलेला तोल, पायांतील बळ आणि पडण्याची संवय ही पुंजी कमी मोलाची नव्हे. मात्र ज्यूदोला चांगली जाड गादी आणि वजनाचें भान असलेला जोडीदार लागतो. फरशीवर सतरंजी अंथरून ज्यूदो शिकविणाऱ्याच्या वाऱ्यासही उभें राहूं नये. खांदा किंवा कंबर पूर्वींच दुखावलेली असेल, तर हा मार्ग सोडलेलाच बरा.

कराटेचें तसें नाहीं. तेथें जोडीदारावांचून पुष्कळ करतां येतें. ही ओकिनावा बेटांतील विद्या. तेथील एक शाळामास्तर गिचिन फुनाकोशी ह्यांनीं १९२२ सालीं तोकियोंत तिचे प्रयोग दाखविले, आणि तेथून ती जगभर गेली. कराटेंतील ‘काता’, म्हणजे ठरलेल्या क्रमानें करावयाच्या हालचालींची मालिका, ही प्रौढास फार सोयीची आहे. ती हळू करतां येते, जोरानें करतां येते. गच्चीवर किंवा दोन पलंगांमधील जागेंतही तिचा कांहीं भाग होतो. लाथ कंबरेखालींच ठेवली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. तायक्वांदोमध्यें मात्र उंच आणि उडत्या लाथांवर भर असतो. ती तरुणांची कला आहे. जड शरीराच्या गुडघ्यांनीं तिच्या वाटेस न जावें. मुष्टियुद्धाची तालीम दमछाक करणारी खरी, आणि वाळूच्या किंवा चिंध्यांच्या पिशवीवर ठोसे मारण्यांत एक प्रकारचा आनंदही आहे. पण डोक्यावर ठोसे खाऊन कोणी आरोग्यवान् झाल्याचें ऐकिवांत नाहीं. पिशवी घ्यावी, झुंज सोडावी. साठी उलटलेल्यांस चीनमधील ताई ची चांगली. उष्मांक ती चालण्याइतकेच घेते, पण तोल सुधारते व पडण्याचें भय कमी करते.

आतां घरच्या विद्यांकडे वळावें. मलखांब ही तर महाराष्ट्राची खास विद्या. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर ह्यांनीं तिचा जीर्णोद्धार केला असें मानतात, आणि दादरच्या शिवाजी पार्कवरील समर्थ व्यायाम मंदिरांत १९२५ पासून मुलें त्या खांबावर चढत आलीं आहेत. पण खांब हा निष्ठुर परीक्षक आहे. स्वतःचें वजन स्वतःच्या हातांनीं उचलण्याचें बळ प्रथम हवें, आणि तें नसणें हीच तर आपल्या गृहस्थाची अडचण! त्यानें मुलांना तेथें अवश्य पाठवावें. कुस्तीचेंही तसेंच. खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें तें लहानपणापासूनच्या लाल मातींतल्या मेहनतीवर. पंचेचाळिसाव्या वर्षीं लंगोट कसून मातींत उतरण्यांत अर्थ नाहीं. श्वास कोंडून जोर लावला असतां रक्तदाब एकदम चढतो, हें तर विशेष ध्यानांत ठेवावें. तालमींतून घ्यावयाचें तें जोर आणि बैठका, व तेही आधीं भिंतीला हात टेकून आणि खुर्चीवरून उठबस करून.

राहिली लाठी. तिच्याकडे शहरी लोकांचें दुर्लक्ष झालें आहे, आणि तें अन्यायाचें आहे. धरणाराच्या उंचीएवढा सरळ, गांठी तासलेला बांबू, एवढेंच साहित्य. पोशाख नको, गादी नको. मनगटें, खांदे, पाठ आणि कंबर सगळीं फिरतात. पायांची ठेवण बदलत राहावी लागते, पण उडी मारावी लागत नाहीं, म्हणून गुडघ्यांवर भार बेताचा. चार-पांच मिनिटें दोन्ही बाजूंनीं लाठी फिरविल्यावर घाम येतो कीं नाहीं तें ज्यानें त्यानें पाहावें. घरांतील स्त्रियांनाही ती सहज साधते. अनेक जुन्या व्यायामशाळांतून ती आजही शिकवितात, आणि कोल्हापुराकडे मर्दानी खेळांत ती दांडपट्ट्याच्या शेजारीं उभी आहे. गुडघे कुरकुरत असलेल्या जड गृहस्थास लाठी किंवा सावकाश केलेला काता, ह्या दोहोंपैकीं एक निवडावें. गुडघे शाबूत असून चांगली गादी व चांगला गुरु मिळाल्यास ज्यूदोचा विचार करावा.

गुरूची पारख कलेपेक्षांही महत्त्वाची. नांव घालण्यापूर्वीं एक दिवस नुसतें बसून वर्ग पाहावा. चाळिशीपुढचे शिष्य आहेत काय? असल्यास ते वर्षभर टिकलेले आहेत काय? दमलेल्यास बाजूला बसूं देतात, कीं त्याची थट्टा होते? पट्ट्यांचे रंग भराभर बदलून दर परीक्षेस फी घेणारा वर्ग हा परीक्षेच्या गाईडासारखा. गुण मिळतात, विद्या राहते बाजूलाच. आणि ‘एका महिन्यांत दहा किलो’ असें सांगणाऱ्याचा उंबरठा ओलांडूं नये. झपाट्यानें उतरतें तें बहुतांशीं पाणी. स्पर्धेचे खेळाडू वजनाच्या गटांत बसण्यासाठीं घाम काढून आणि पाणी तोडून हेंच करतात, व एका रात्रींत वजन किती हलूं शकतें हें २०२४ सालीं पॅरिसला सर्वांनीं पाहिलें: विनेश फोगाट आदल्या दिवशीं ५० किलोंच्या गटांत बसल्या होत्या, आणि अंतिम कुस्तीच्या सकाळीं १०० ग्रॅम अधिक भरल्यामुळें बाद झाल्या. ज्या शास्त्रांत ते तज्ज्ञही ठेंचाळतात, तें गृहस्थानें घरीं आजमावूं नये.

आरंभ करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, आणि मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर अवश्यच विचारावें. श्रमानें साखर एकाएकी खालीं येऊं शकते. पहिले तीन महिने आठवड्यांतून तीनच दिवस, आणि बोलतां येईल इतकीच धाप. गुडघा दुखला तर दुसऱ्या दिवशीं लाथा बंद, हात चालू. रात्रीच्या जेवणांतील एक पोळी किंवा भाताची एक मूद कमी, आणि वर्गाहून परततांना रस्ता तो धरावा, ज्यावर वड्याची गाडी नाहीं.